पाठीमागची खुर्ची

एप्रिल. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पंखा बंद,
वळसंगकर मॅडमना वाऱ्याचाही संशय.
बाहेर त्रेचाळीस. सात रस्त्याचं डांबर चपलेला धरतंय.
नागमणी येमूल भिंतीकडे तोंड करून बसते,
तिच्या मागे, सहा फुटांवर, मी.

माझं काम सोपं. रुपया उडवायचा.
छापा पडला तर तिच्या मानेकडे टक लावून बघायचं,
काटा पडला तर डोळे मिटून
दुसरंच काही आठवायचं, लाइटबिल वगैरे.
मग टेबलावर टिचकी. तिनं सांगायचं, हो किंवा नाही.
असं वीस वेळा.
अठ्ठावीस वर्षं या कॉलेजात शिपाई आहे,
बघण्याचा पगार मिळाला तो पहिल्यांदाच.

विसात सोळा बरोबर!
मॅडमनी कागद दोनदा मोजला. पोरं दारात गोळा झाली.
नागमणी म्हणाली, "मानेवर जड वाटतं, सर,
कुणी ओला टॉवेल टाकल्यासारखं."
सोलापूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार.
मला कुणी सर म्हणत नाही.
त्या दिवशी रिक्षा न करता चालत घरी गेलो.

मला नवल वाटलं नव्हतं.
माझ्या बापाच्या पाठीला डोळे होते,
हे अख्ख्या अशोक चौकाला ठाऊक.
चार माग सांभाळायचा, दोन पुढे, दोन मागे,
मागच्यावर धागा तुटला रे तुटला
की तंबाखू मळता मळता वळायचा.
पुढे कान गेले, मागावर सगळ्यांचेच जातात,
तरी वळायचा.
मालक पाहुण्यांना आणून दाखवायचा त्याला.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम माझ्या जागी येऊन बसल्या.
उठल्या. पुन्हा बसल्या.
"तुम्ही बघताना पुढे वाकता का हो?"
वाकतो. बघायचं म्हटलं की माणूस वाकतोच.
आणि खुर्चीचा डावा पाय तेव्हा कुरकुरतो,
इतका बारीक
की तिच्यावर बसणाऱ्या मला कधी ऐकू आला नाही.
नागमणीलाही नाही, शपथेवर सांगते ती.
मॅडम म्हणतात, ऐकलं तिनंच,
फक्त तिला कळवलं नाही कुणी.

मग लोखंडी स्टूल आलं. मधे काच आली.
टिचकीच्या जागी दिवा.
दहा. नऊ. अकरा. दहा.
तिच्या जागी रुपयाच बसवला असता तरी एवढेच.
मॅडम खूश. "नाही हेही उत्तरच असतं."
"म्हणजे ते जड वाटायचं, ते खोटं?" नागमणीनं विचारलं.
मॅडम चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या,
"वाटणं खरं."
मी खुर्ची गोदामात नेली. वाटेत दोनदा टेकवली,
दोन्हीदा बोलली.

घरी बाप, वय एक्क्याऐंशी,
दाराकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेला.
खिशात रुपया होताच.
छापा. त्याच्या मानेकडे बघितलं,
बनियनच्या वर, जिथं कातडी भाजलेल्या वांग्यासारखी झालीय.
काटा. डोळे मिटले.
विसातून एकदाही वळला नाही.

उंबऱ्यात उभ्या उभ्या मला कारखान्यातली फरशी आठवली.
चार मागांचा ठेका तळव्यातून वर चढायचा,
दुधाच्या दाढा पडल्या माझ्या त्या ठेक्यावर.
एक माग थांबला की ठेका लंगडायचा.
बाप अनवाणी असायचा तिथं. कायम.
मालकानं पाहुण्यांना पाठ दाखवली,
पायांकडे कुणी बघितलं नाही, मीसुद्धा.

एकविसाव्या वेळी नाणं उडवलं नाही.
टाच आपटली.

बाप वळला.
"कवाधरनं उभारलास बे?"

आत्ताच आलो, म्हणालो मी.
त्याला ऐकू जात नाही.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.